मदत हवी आहे : केळीच्या खोडाचा धागा काढताना निघणारं सांडपाणी जिवाणूंनी साफ होईल का?

सातपुडा_पायथा

राम राम मंडळी,

रावेर तालुक्यात आमचं केळीच्या खोडापासून धागा काढायचं छोटं युनिट आहे. घड उतरल्यावर शेतकऱ्याला खोडाची कटकटच असते, त्यामुळे माल जवळपास फुकट मिळतो, लागतं ते ट्रॅक्टरचं भाडं. अडचण आहे पाण्याची. खोडात नव्वद टक्क्यांवर पाणीच, म्हणजे धागा मूठभर अन् रस टाकीभर.

पाणी दोन तऱ्हेचं आहे. मशीनखाली पडणारा रस निघताना जवळपास पाण्यासारखा असतो, थोड्या वेळात तपकिरी होतो आणि पुढे आंबट वास मारतो. (कपड्यावर उडाला तर तो कपडा शेतातच वापरायचा, डाग जात नाही.) दुसरं पाणी धागा मऊ करायला कॉस्टिक सोड्यात उकळतो त्याचं. काळपट, बुळबुळीत, पीएचचा कागद 11-12 दाखवतो. सध्या दोन्ही एकाच खड्ड्यात जातात. जमीन काळी, पाणी लवकर मुरत नाही, आणि बांधापलीकडे शेजारच्या भाऊंची विहीर आहे. ते बोलतात, आणि त्यांचं चुकत नाही.

एका विक्रेत्याने जिवाणूंची पावडर दिली, ‘टाका आणि विसरा’ म्हणाला. गावात सगळे गुळात वाढवलेलं वेस्ट डिकंपोजर (कचरा कुजवणारं जिवाणूंचं विरजण) टाका म्हणतात. वास जरा कमी झाला, रंग आहे तसाच.

नेमके कोणते जिवाणू लागतात? शेणकाला पुरेल का? हवा द्यावी की टाकी बंद ठेवावी? मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 गाठतो, तेव्हा ते टिकतील का? आणि साफ झालेलं पाणी केळीला चालेल का?

गाळमास्तर

भाऊ, पावडर राहू द्या बाजूला. त्या खड्ड्यात जिवाणूंची कमी नाही, त्यांना जगता येईना ही अडचण आहे. पीएच 11 ला कोण जगणार? शिवाय या पाण्यात कार्बन भरपूर आणि नत्र-स्फुरद तुटपुंजं. हवेवर जगणाऱ्या जिवाणूंना बीओडी (पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप) 100 असेल तर नत्र 5 आणि स्फुरद 1 या प्रमाणात लागतं. तुमच्याकडे युरिया-डीएपी घरचंच असेल, पण आधी पाणी तपासून मगच टाका.

पाण्यात एवढी घाण असताना थेट ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) लावू नका, वीजबिल भारी पडेल आणि लोडशेडिंग आहेच. आधी बंद टाकी, मग हवेची. बंद टाकीला चालू गोबरगॅसची स्लरी विरजण म्हणून घाला, नुसत्या शेणापेक्षा लवकर लागू पडते. पीएच 6.8 ते 7.4 मध्ये ठेवा. खोडाच्या रसात टॅनिन (डाग पाडणारा तुरट घटक) असतं, त्याने मिथेन करणारे जिवाणू मंदावतात, म्हणून सुरुवात पातळ पाण्याने करून हळूहळू वाढवा. टाकी बसायला काही आठवडे लागतात, मध्येच उपसून टाकू नका. या जिवाणूंना 35 अंशांच्या आसपास मानवतं. टाकी जमिनीत पुरली तर उन्हाळाही निभेल आणि डिसेंबरची थंडीही. पुढच्या हवेच्या टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. ऊन वाढलं की पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, तेव्हा ब्लोअर जास्त वेळ चालवावा लागेल.

रंग राहिला म्हणून फसलं समजू नका. तो लिग्निन (खोडाला टणकपणा देणारा घटक) आणि टॅनिनचा असतो, साधे जिवाणू त्याला फारसे शिवत नाहीत. बीओडी आणि सीओडी (रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची गरज) तपासून घ्या. जमिनीवर सोडायला बीओडीची मर्यादा लिटरला 100 मिलिग्रॅम आहे, नाल्यात सोडायला बीओडी 30 आणि सीओडी 250.

केळीबाग_यावल

आंबलेला रस कॉस्टिकच्या पाण्यात ओतला तर पीएच आपोआप खाली येईल ना? ॲसिडचा खर्च वाचेल.

गाळमास्तर

थोडा येईल. पण कॉस्टिक सोड्यातला सोडियम कुठे जाणार? तो कोणताही जिवाणू खात नाही. असं पाणी काळ्या जमिनीला देत राहिलात तर माती चोपण (घट्ट, निचरा न होणारी) होईल, मग केळी विसरा. म्हणून रस आणि कॉस्टिकचं पाणी आजपासून वेगळं करा. रसात पालाश आहे, ते पाणी कामाचं आहे. नवसारी कृषी विद्यापीठाने तर खोडाच्या रसापासून द्रवरूप खत तयार केलंय.

तागवाली

माझा सल्ला जरा उलटा आहे. जिवाणू सांडपाण्यात सोडण्याऐवजी धाग्याच्याच टाकीत सोडा. ताग सडवताना शतकानुशतकं हेच चालत आलंय, पेक्टिन (धागे एकमेकांना चिकटवून ठेवणारा घटक) खाणारे जिवाणू धागा मोकळा करतात. बॅसिलस वर्गातले काही यात चांगले. कॉस्टिकपेक्षा वेळ जास्त लागतो, आणि लक्ष ठेवलं नाही तर धागा कमजोर पडतो. पाण्याचा बीओडी तरीही चढाच राहील, पण सोडियमचं भूत तरी जाईल. मुंबईत माटुंग्याला सिरकॉट (केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था) आहे, तिथे धाग्याचा नमुना घेऊन विचारा.

सातपुडा_पायथा

गाळमास्तर, ताई, आभार. रसाची नाली उद्याच वेगळी काढतो. सिरकॉटला नमुना नेईन, तोवर कॉस्टिकचं काम थोड्याच मालावर ठेवतो. आता दोन गोष्टी सांगा : बंद टाकीतला गाळ किती महिन्यांनी काढायचा, आणि सावदा-फैजपूरकडे कोणाकडे अशी टाकी चालू असेल तर बघायला येऊ का?