नोकरी सांभाळून चित्रं काढता कधी?

प्रश्न: नागपूरला हिंगणा एमआयडीसीत कामाला आहे, सकाळी आठला निघतो ते घरी यायला सात वाजतात. वॉटरकलर शिकून राहिलो पण जेवण झालं की डोळेच मिटतात, रविवार किराण्यात नाहीतर कोणाच्या लग्नात. त्यात मे महिना, वॉश म्हणजे पातळ रंगाचा थर मारून ब्रश धुवेपर्यंत कागद वाळून कडक. तुम्ही लोकं कसं जमवता भाऊ?

उत्तर १: रात्रीचा नाद सोड बे. मी पहाटे साडेपाचला गच्चीवर बसतो, पाऊण तास फक्त. कागद आधी दोन्ही बाजूनं ओला कर, जास्त वेळ ओला राहते. अन् कूलरसमोर तर बसूच नको.

उत्तर २: पहाटे उठा म्हणणं सोपं आहे, मग डबे कोण भरते? मी बर्डीवरून लोकमान्य नगरच्या मेट्रोत छोटी वही काढते नं बॉलपेननं समोरच्यांचे फक्त हात काढते. चेहरा काढला की लोकं वळून पाहतात.

प्रश्नकर्ता: हातवाली आयडिया भारी आहे ताई, पण आमची कंपनीची बस इतकी हादरते की हाताच्या जागी भजी निघतील. गच्चीचं पाहतो. बायको म्हणे कुरड्या वाळत आहेत, रंग सांडला तर पाहा.