नव्या जलशुद्धीकरण पदार्थांचा ‘विषाणूनाशक’ हा दावा डुकरांच्या रोगांपुढे कितपत टिकतो?

मूळ लेख : जलवेध

पाणी शुद्ध करणाऱ्या नव्या पदार्थांवरील संशोधनाला सध्या चांगले दिवस आहेत. ग्राफीन ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, चांदीचे नॅनोकण, लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकीय कण यांवर सतत काम चालू आहे, आणि मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क या सच्छिद्र पदार्थांच्या विकासासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर यागी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले. या पदार्थांचे उपयोग सांगताना पशुपालनाचा आणि त्यातही वराहपालनातील विषाणूजन्य रोगांचा उल्लेख हमखास येतो. माझा आक्षेप या उल्लेखाच्या सहजपणाला आहे. एखादा पदार्थ डुकरांमधील अमुक रोगाला पाण्यावाटे पसरू देत नाही असे म्हणायचे असेल, तर त्याची चाचणी त्याच विषाणूवर, डुकरे प्रत्यक्षात पितात तशा पाण्यात आणि पाण्यात उरलेला जिवंत विषाणू मोजून झालेली असली पाहिजे. ती होईपर्यंत शीर्षकात रोगाचे नाव घालू नये.

याचे पहिले कारण असे की ‘डुकरांचे विषाणू’ ही एकजिनसी गोष्ट नाही. सर्कोव्हायरस जेमतेम १७ नॅनोमीटरचा, बाहेरील मेदावरण नसलेला आणि जंतुनाशकांना दाद न देणारा आहे, तर आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू सुमारे २०० नॅनोमीटरचा, आवरण असलेला आणि दीडशेहून अधिक प्रथिनांची माहिती वाहणारा आहे. प्रयोगशाळेत मात्र बहुधा एमएस२ वापरतात. हा जिवाणूंना संसर्ग करणारा, सुमारे २७ नॅनोमीटरचा निरुपद्रवी विषाणू आहे. सुमारे २० नॅनोमीटर छिद्रांचे पटल एमएस२ ला अडवेल, पण सर्कोव्हायरसला अडवेलच असे नाही. शिवाय एमएस२ च्या पृष्ठभागावर उदासीन पाण्यात ठळक ऋणभार असतो, त्यामुळे धनभारित पदार्थाला तो चटकन चिकटतो आणि पदार्थाचे गुण आहेत त्यापेक्षा अधिक उजळ दिसतात.

दुसरे कारण पाण्याचे. ऊर्ध्वपातित पाण्यात थोडे क्षार घालून केलेला प्रयोग आणि शेडमधील नळी यांत मोठे अंतर आहे. पिण्याच्या निपलवर डुकराचे तोंड दिवसभर असते, लाळ आणि खाद्याचे कण तिथे साचतात आणि नळीच्या आतून जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. पाण्यातील सेंद्रिय द्रव्य आधी पदार्थाच्या पृष्ठभागावर बसते, आणि मग विषाणूला जागा उरत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडचे दुखणे वेगळे आहे. त्याला अतिनील प्रकाश लागतो, त्यातून निर्माण होणारे हायड्रॉक्सिल मूलक (विषाणूवर हल्ला करणारे अतिक्रियाशील कण) क्षणार्धात संपतात, आणि पाण्यातील बायकार्बोनेट त्यांतील बराच वाटा मधल्यामध्ये गिळून टाकते. मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्कच्या प्रचंड अंतर्गत पृष्ठफळाचे कौतुक विषाणूंच्या संदर्भात तर मला गैरलागूच वाटते. बहुतेक फ्रेमवर्कची छिद्रे एकदोन नॅनोमीटरची असतात. त्यांत शिसे किंवा आर्सेनिक शिरते, पण १७ नॅनोमीटरचा विषाणूदेखील शिरू शकत नाही, म्हणजे काम होते ते केवळ बाहेरच्या कडेवर.

तिसरे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर कारण मात्रेचे आहे. २०१९ मध्ये ‘इमर्जिंग इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू डुकरांना द्रवातून आणि कोरड्या खाद्यातून दिला गेला. खाद्यातून संसर्ग होण्यास पेशीसंवर्धनात मोजलेली किमान दहा हजार संसर्गजन्य एकके लागली, तर द्रवातून एक एकक पुरले. आता ‘९९.९९ टक्के विषाणू काढले’ या वाक्याकडे पाहा. लिटरमध्ये दहा लाख एकके असतील तर हे यश मिळाल्यावरही शंभर उरतात, आणि वाढलेले डुक्कर दिवसाला कित्येक लिटर पाणी पिते.

प्रतिसाद : स्फटिकजाल

आपली कळकळ मी समजू शकतो, परंतु आपण घातलेली अट प्रत्यक्षात आली तर या विषयातील निम्मे काम सुरू होण्याआधीच बंद पडेल. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू हाताळायला उच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते, तो वाढवायला डुकराच्या ताज्या मॅक्रोफेज पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी) लागतात, आणि पदार्थविज्ञानाच्या विभागांपैकी फारच थोड्यांना अशी सोय उपलब्ध असते. एखाद्या विद्यार्थिनीने वीस प्रकारची लोहसंयुगे तयार केली, तर त्यांतील कोणती दोन पुढे न्यावीत हे ठरवायला तिला एमएस२ सारखा स्वस्त आणि सुरक्षित प्रतिनिधी हवाच.

प्रतिनिधी विषाणूंवर विसंबणे ही काही पळवाट नाही. माणसांना उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसचे उदाहरण घ्या. २०१६ मध्ये मानवी आतड्याच्या पेशींपासून घडवलेल्या ऊतींमध्ये तो वाढवता येईपर्यंत प्रयोगशाळेत त्याचे विश्वसनीय संवर्धनच होत नव्हते. तरीही त्याआधीची कित्येक दशके पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण थांबले नव्हते. अमेरिकेच्या १९८९ च्या नियमाने पृष्ठजलातील विषाणूंमध्ये ९९.९९ टक्के घट बंधनकारक केली, आणि गाळण्यांची पटले आजही एमएस२ सारख्या फेजवर, म्हणजे जिवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूवर, तपासली जातात. आपली अट तेव्हा लागू केली असती तर नोरोव्हायरसविरुद्ध कोणत्याच उपायाबद्दल बोलता आले नसते. आवरण असलेल्या विषाणूंसाठी फाय६ हा आवरण असलेला फेज उपलब्ध आहे. तेव्हा प्रतिनिधी वापरणे चूक नाही, त्याची निवड चुकणे ही चूक आहे.

आपल्या मात्रेच्या गणितावरही माझा आक्षेप आहे. लिटरमागे दहा लाख एकके हे रक्तमिश्रित द्रवाला शोभेल. नदी किंवा टाकीतील पाण्यात विषाणू पोहोचला तरी प्रचंड विरळ होतो. शिवाय त्याच अभ्यासात अर्ध्या डुकरांना संसर्ग करणारी मात्रा द्रवासाठी दहा एककांच्या आसपास निघाली होती. किमान मात्रा म्हणजे दर घोटाला संसर्ग नव्हे. ते आकडे तसेच पुढे ठेवले तर वाचकाला वाटेल की कोणतीही गाळणी निरुपयोगीच, आणि तसे सिद्ध झालेले नाही.

प्रतिसाद : पशुचिकित्सक

तुम्हा दोघांचा वाद चाचणीच्या पद्धतीवर चालला आहे. मला त्याआधीचा प्रश्न विचारावासा वाटतो. या रोगांच्या प्रसारात पाण्याचा वाटा किती, आणि त्यावर इतकी बुद्धी व निधी खर्च करणे योग्य आहे का?

आफ्रिकन स्वाइन फीव्हर २००७ मध्ये जॉर्जियात पोहोचला तो जहाजावरील खरकट्यातून डुकरांच्या खाद्यात गेलेल्या मांसामुळे, असा तज्ज्ञांचा कयास आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तो चीनमध्ये आढळला आणि पुढे तेथील डुकरांची संख्या मोठ्या प्रमाणावर घटली, तेव्हाही वाहने, माणसे, खरकटे आणि मांसाचे पदार्थ हेच प्रमुख वाहक ठरले. पीआरआरएस हा डुकरांच्या प्रजननावर आणि श्वसनावर परिणाम करणारा विषाणूजन्य रोग डुकरांच्या थेट संपर्कातून, वीर्यातून आणि दूषित साहित्यातून पसरतो. ज्या वराहपालकाकडे आत येणाऱ्या गाडीची चाके धुण्याची व्यवस्था नाही, त्याला ग्राफीनचे पटल देऊन काय साधणार?

खरा फरक कशाने पडतो याचे उदाहरण सर्कोव्हायरसचेच आहे. २००६ पासून त्यावरील लसी बाजारात आल्या आणि कळपातून विषाणू नाहीसा झाला नसतानाही रोगाचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पाणी स्वच्छ असावे याबद्दल दुमत नाही, पण त्यासाठी क्लोरीन आहे. ते स्वस्त आहे, त्याचा अवशेष पाण्यात टिकतो आणि साध्या पट्टीने तपासता येतो. नव्या पदार्थाने आधी क्लोरीनपेक्षा चांगले काम करून दाखवावे.

प्रतिसाद : जलवेध

पाणी हा प्रमुख मार्ग नाही हे मला मान्य आहे, पण त्यावरून तो नगण्य ठरत नाही. २०१३ च्या मार्चमध्ये शांघायच्या हुआंगपू नदीतून दहा हजारांहून अधिक मेलेली डुकरे बाहेर काढावी लागली, एका नमुन्यात सर्कोव्हायरस सापडला, आणि ही नदी त्या शहराच्या पिण्याच्या पाण्याचाही एक स्रोत आहे. २०१८ च्या अखेरीस तैवानच्या ताब्यातील किनमेन बेटाच्या किनाऱ्यावर वाहत आलेल्या मृत डुकरात आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू आढळला. डुकरांमधला हेपॅटायटिस ई तर विष्ठेवाटे बाहेर पडतो आणि त्याचे काही प्रकार माणसालाही होतात. रोगाची साथ ऐन भरात असताना लोक मेलेले जनावर नदीत टाकतात, ही वस्तुस्थिती आपण प्रसारमार्गांच्या यादीत शेवटी ठेवू नये असे मला मनापासून वाटते.

क्लोरीनबद्दल आपण म्हणता ते स्वच्छ पाण्यापुरते खरे आहे. क्लोरीनचे प्रभावी रूप म्हणजे हायपोक्लोरस आम्ल. पाण्याचा सामू (पीएच) ७.५ असताना ते निम्म्यावर येते आणि ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा उरते. पाण्यात विष्ठेतील अमोनिया मिसळला तर क्लोरीनचे क्लोरामाइन होते आणि ते विषाणूंवर बरेच सावकाश काम करते. नव्या पदार्थांची गरज आहे ती अशा पाण्यासाठी, आणि म्हणून त्यांची चाचणीही अशाच पाण्यात व्हावी, हा माझा आग्रह आहे.

स्फटिकजाल यांचे दोन मुद्दे मी स्वीकारतो. सुरुवातीच्या निवडीसाठी प्रतिनिधी विषाणू वापरावा, आणि दहा लाखांचा आकडा हा नदीच्या पाण्याचा अंदाज म्हणून वाचू नये. पण नोरोव्हायरसचा दाखला इथे लागू पडत नाही. तो विषाणू वाढवताच येत नव्हता, त्यामुळे इलाज नव्हता. डुकरांचे बहुतेक महत्त्वाचे विषाणू संवर्धनात वाढवता येतात आणि ते काम करणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. अडचण आहे ती दोन विभागांनी एकमेकांचे दार न ठोठावण्याची.

प्रतिसाद : अभ्यासू वाचक

मला एक शंका आहे. बऱ्याच प्रयोगांत गाळण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या पाण्याची पीसीआर चाचणी करून घट दाखवलेली असते. जिवंत विषाणू वेगळा मोजण्याचा आग्रह त्यानंतरही का धरावा?

प्रतिसाद : स्फटिकजाल

या बाबतीत मी मूळ लेखकाच्या बाजूने आहे. पीसीआर जनुकीय द्रव्याचा तुकडा मोजते. विषाणू मेला तरी तुकडा उरतो, त्यामुळे अतिनील किरणांसारखा उपाय आहे त्यापेक्षा कमकुवत दिसतो. उलट पदार्थाने विषाणू नुसता धरून ठेवला तर पाण्यातील आकडा घसरतो आणि लोक त्याला ‘नाश’ म्हणतात. धरणे आणि मारणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, आणि माझ्या क्षेत्रातील लेखनात त्यांची सरमिसळ होते हे मी नाकारणार नाही.

प्रतिसाद : पशुचिकित्सक

मग मला वाटणारी खरी भीती इथेच येते. पदार्थ विषाणूला धरतो पण मारत नाही, असे असेल तर महिनाभर चाललेली गाळणी म्हणजे संसर्गाचा साठा झाला. ती बदलणारा माणूस तेच हात आणि तेच बूट घेऊन पुढच्या शेडमध्ये जाणार. नवजात पिलांमध्ये पीईडीचा (डुकरांच्या साथीच्या जुलाबाचा) विषाणू शिरला तर जवळजवळ सगळी पिले दगावू शकतात, इतकी त्यांची अवस्था नाजूक असते. गाळणीचे शेवटी काय करायचे हे मला एकाही पदार्थाच्या माहितीत ठळकपणे दिसलेले नाही.

प्रतिसाद : स्फटिकजाल

त्यावर उपाय आहेत. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू ६० अंश सेल्सिअसला २० मिनिटांत निष्क्रिय होतो, तेव्हा लोहाच्या ऑक्साइडची गाळणी जागच्या जागी गरम पाण्याने निर्जंतुक करता येईल. अल्कलीने धुऊन ती पुन्हा वापरण्याची पद्धतही रूढ आहे.

प्रतिसाद : जलवेध

उष्णतेचे ठीक आहे, पण सर्कोव्हायरस त्याहून कितीतरी चिवट आहे, तेव्हा ६० अंशांचा आकडा सर्वांना लावता येणार नाही. अल्कलीच्या धुण्याबद्दल तर मी सावध करीन. विषाणुशास्त्रज्ञ धनभारित गाळणीवर अडकलेले विषाणू पाण्याच्या नमुन्यातून परत मिळवण्यासाठी सुमारे ९.५ सामू असलेला मांसार्काचा द्रव वापरतात, आणि तो वापरण्याचे कारणच हे की त्यात विषाणू सुटे होतात आणि जिवंत राहतात. गाळणी ‘पुनरुज्जीवित’ करायला कोणी असाच सौम्य अल्कली वापरला, तर हजारो लिटर पाण्यात विखुरलेला विषाणू बादलीभर धुवणात एकवटून बाहेर येईल. म्हणून माझ्या मूळ अटींत आणखी एक भर घालतो. गाळणी धुतल्यानंतरच्या त्या द्रवातील जिवंत विषाणू मोजून त्याचा आकडा पाण्यातील घटीच्या आकड्याशेजारी, त्याच तक्त्यात छापला जावा. स्फटिकजाल, आपल्या लोहसंयुगांपैकी निवडलेल्या दोनांवर ही मोजणी करायला प्रतिनिधी विषाणूही चालेल, कारण सुटे होण्याचा प्रश्न तिथेही तोच आहे.

प्रतिसाद : स्फटिकजाल

ही अट रास्त आहे, आणि तिला उच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळाही लागत नाही. एमएस२ आणि फाय६ दोन्ही घेऊन, शेडमधून आणलेल्या पाण्यात ती मोजणी करता येईल. शीर्षकात रोगाचे नाव घालण्याबद्दलचा आपला आग्रह मात्र मला अजूनही पटलेला नाही. ‘अमुक रोगाच्या दिशेने’ एवढे म्हणण्याची मुभा नसेल तर पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी पशुवैद्यकाच्या दारापर्यंत पोहोचणारच नाही.

प्रतिसाद : पशुचिकित्सक

विद्यार्थ्याने दार ठोठवावे, मी उघडीन. पण तोवर वराहपालकाला ती गाळणी विकली जाऊ नये.