कम्युनिटी रेडिओ : हिंदी चित्रगीतांऐवजी भावगीतं, ओव्या

प्रश्न: १०० वॅटचं कम्युनिटी रेडिओ केंद्र (स्थानिक लोकांसाठी चालवलेलं छोटं केंद्र), दिवसभर हिंदी गाणी. बदल कसा करावा?

उत्तर १: आधी फाइली तपासा. जुन्या तबकड्यांचं ध्वनिमुद्रण मोनो, आवाज हळू. सगळ्या -१६ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आणा, नाहीतर मधली जाहिरात कानावर आदळते. ट्रान्समीटरआधीचा कॉम्प्रेसर (मोठा-हळू आवाजातला फरक कमी करणारं उपकरण) सौम्यच हवा. जास्त दाबला की ओळींमधल्या शांततेत खरखर वर येते. हे फार जपा, भावगीताचा जीव त्या शांततेतच आहे.

उत्तर २: साठा लहान असेल तर तीच गाणी फिरतात. शेड्युलरमध्ये (गाण्यांचा क्रम लावणारं सॉफ्टवेअर) एका गायकाच्या दोन गाण्यांत किमान तासाचं अंतर ठेवा. आधी फक्त सकाळी ६ ते ९ बदला.

उत्तर ३: हक्क दोन वेगळे: ध्वनिमुद्रणाचे आणि शब्द-संगीताचे. परवाने दोन्हींचे लागतात. ओव्या गावातच ध्वनिमुद्रित करा, गाणाऱ्या बायकांची लेखी संमती घ्या. कम्युनिटी रेडिओवर किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक निर्मितीचे असावेत, ही अटही त्यातून सांभाळली जाते.