मदत हवी आहे: बंद घर विकत घ्यायचंय, मालक कोण तेच कळत नाही

रानवाट
लांजा तालुक्यात एक जुनं चौपाखी कौलारू घर आहे. पंधरा-वीस वर्षं कुलूप. मागची पडवी बसली आहे, पण आढं (छपराच्या माथ्याची तुळई) अजून सरळ आहे आणि विहिरीला पाणी आहे. शेजारी "मुंबईला असतात" याच्यापुढे काही सांगत नाहीत. ग्रामपंचायतीत घरपट्टी ज्यांच्या नावावर आहे ते कधीच वारले. सातबारा काढला तर त्यात त्यांचं नावच नाही. पावसाच्या आत व्यवहार उरकायचा आहे, नाहीतर आणखी एक बाजू खाली येईल. मालक कसे शोधायचे आणि खरेदी कशी करायची, नेमकं सांगा. "वकिलाला विचारा" एवढंच लिहू नका, प्लीज.

सूचीदोन
घर गावठाणात आहे की सर्व्हे नंबरात? सातबाऱ्यावर त्यांचं नाही, तर कोणाचं नाव आहे? भोगवटादार वर्ग 1 (विकायला मोकळी) की वर्ग 2 (विकायला परवानगी लागणारी)? इतर हक्कात काय लिहिलंय? आणि तुम्ही स्वतः शेतकरी आहात का?

रानवाट
शेतकरी असण्याचा काय संबंध? मला घर घ्यायचंय, शेती नाही.

सूचीदोन
सातबारा निघाला म्हणजे घर बहुतेक सर्व्हे नंबरात आहे. ती जमीन शेतीची असेल तर कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही, वर घर उभं असलं तरीही. तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर राज्यात कुठेही शेती असेल तर शेतकरी असल्याचा पुरावा जोडा. नसेल तर आधी मालकांनीच घराखालची जागा बिनशेती करून घ्यायची, मग तुमच्या नावे खरेदीखत. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असेल तर बिनशेतीसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड चा सोपा मार्ग आहे. मोठ्या नंबरातले दोन-चार गुंठेच घेणार असाल तर तुकडेबंदीचा (जमिनीचे फार छोटे तुकडे विकायला मनाई) आजचा नियम दुय्यम निबंधकाकडे आधी विचारा, त्यात अलीकडे बदल झालेत.

जांभाचिरा
कागद होत राहतील, आधी घर वाचवा. आढं सरळ आहे म्हणजे भिंती अजून दाबल्या गेलेल्या नाहीत. वासे भिंतीत जिथे बसतात ती टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. अर्धा इंच आत गेला तर टोक कुजलंय. वाळवीची मातीची नळी भिंतीवरून कुठवर चढली आहे तेही बघा. जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा अजिबात करू नका, ओल आत कोंडते आणि चिरा भुगा होतो. चुन्याचाच करा. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण 15 लागतात. फुटकी बदला, पाखी चाळून घ्या (कौलं उतरवून पुन्हा नीट लावा), पाऊस निघून जाईल.

आणेवारी
जांभाचिरा, सल्ला चांगला आहे, पण घर अजून यांचं नाही. परवानगीशिवाय कौलाला हात लावला तर अतिक्रमणाची तक्रार होईल, आणि पुढे तेच भाऊबंद बोलणी करायला बसणार नाहीत.

रानवाट, घरपट्टीचं नाव आणि सातबाऱ्याचं नाव वेगळं, हे कोकणात घरोघरी आहे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा कागद, मालकीचा नव्हे. तलाठ्याकडचा गाव नमुना 8-अ वेगळा, दोन्हीत गल्लत करू नका. पूर्वी खोताच्या किंवा भावकीच्या जमिनीत दुसऱ्याने घर बांधलेलं असायचं. खोती 1949 च्या कायद्याने गेली, घरं तशीच राहिली. म्हणून तुम्हाला दोन माणसं शोधायची आहेत, जमिनीचा मालक आणि घराचा मालक.

सातबाऱ्यावर नावाजवळ जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे नंबर. ते सगळे उतरवून घ्या आणि प्रत्येक फेरफाराची नक्कल काढा. जुने तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. मागचे सातबारे मागताना 1950 च्या आसपासपर्यंत जा. वारसाच्या फेरफारात मयताची तारीख आणि कोण कोण मागे राहिलं ते ओळीने लिहिलेलं असतं. दोन ठिकाणी थांबून वाचा. नावापुढे "ए.कु.मॅ." असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, त्याच्यामागे न लिहिलेले भाऊ आहेत. आणि इतर हक्कात बायकांची नावं दिसली तर त्या बहुतेक लग्न होऊन गेलेल्या बहिणी. त्यांचा हिस्सा भावाइतकाच असतो. व्यवहार नंतर अडतात ते सर्वात जास्त इथेच.

पायवाट
इतका खटाटोप कशाला? घरपट्टी तुम्ही भरायला लागा, कुंपण घाला, बारा वर्षं ताबा ठेवा. मुदत कायद्याचा अनुच्छेद 65. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलंय की असा ताबेदार स्वतः दावाही लावू शकतो.

सूचीदोन
पायवाट, हा सल्ला धोक्याचा आहे. निकाल खरा आहे, पण ताबा उघड, सलग आणि खऱ्या मालकाच्या विरोधात आहे हे ताबेदाराने सिद्ध करायचं असतं. मालक कोण तेच माहीत नाही म्हणणारा माणूस "मी त्याच्या विरोधात ताबा ठेवला" कसं म्हणणार? घरपट्टीची पावती ताब्याचा पुरावासुद्धा धड नाही, मालकीचा तर नाहीच. वारस कोणीच उरला नसेल तर मालमत्ता सरकारकडे जाते आणि सरकारविरुद्ध मुदत 30 वर्षांची आहे. शिवाय यांना याच पावसाआधी घर हवंय, बारा वर्षांनी नाही.

पायवाट
ताबा असला की भाऊबंद बोलायला येतात, एवढाच मुद्दा होता.

आणेवारी
येतात, पण पोलीस पाटलाला घेऊन.

मांडवीकाठ
गोव्यात हे वेगळं चालतं. तिथे विकणाऱ्याच्या नवऱ्याची किंवा बायकोची सही लागते, वारस ठरवायला इन्व्हेंटरीची प्रक्रिया होते. घरात मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) असेल तर 1975 चा कायदा आड येतो. तिकडे बघताय का एखादं?

रानवाट
नाही हो, लांजाच. सूचीदोन, वर्ग 1 आहे. जमीन सामाईक, अकरा नावं, त्यात एक ए.कु.मॅ. घरपट्टीवाले या अकरांपैकीच एकाचे चुलते निघाले. वडिलांच्या नावे साताऱ्याकडे शेती आहे. आणि एक सांगायचं राहिलं. त्या अकरांपैकी एकजण भेटला आहे. "सगळ्यांच्या वतीने मी सही देतो, पन्नास हजार रोख बयाणा द्या" म्हणतो. द्यायचे का? बाकीच्यांना कुठे शोधत बसू?

सूचीदोन
ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहायची होती. देऊ नका.

एका सहहिस्सेदाराची सही म्हणजे फक्त त्याचा अविभक्त हिस्सा. राहत्या घराचा असा हिस्सा परक्याने घेतला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे त्याला सामाईक ताबा मागता येत नाही. पुढे वाटपाचा दावा लावलात तर 1893 च्या वाटप कायद्याच्या कलम 4 ने घरचे लोक तुमचा हिस्सा किंमत देऊन परत घेऊ शकतात. म्हणजे पैसे अडकले आणि घर हातात नाही. "सगळ्यांच्या वतीने" म्हणतो तर प्रत्येकाचं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र दाखवू दे, आणि देणारा आज जिवंत आहे याची खात्री करा. परदेशातून आलेलं असेल तर महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरलेला हवा. आणि 20,000 किंवा त्याहून जास्त रोख बयाणा तर नाहीच. धनादेशाने द्या आणि नोंदणीकृत साठेखत (खरेदीआधीचा विक्रीचा करार) करा.

आणेवारी
माणसं शोधायची तर गावाच्या मुंबई मंडळाकडे जा. वर्गणीच्या वहीत घराण्यावार नावं, पत्ते, फोन असतात. गौरी-गणपतीत आणि शिमग्याला त्यातले निम्मे गावातच भेटतात, पालखी कोणाच्या अंगणात थांबते तेही विचारा. मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये मिळतील. मग कागदावर झाड काढा आणि प्रत्येक फांदीपुढे हिस्सा आण्यांत लिहा. बेरीज सोळा आणे आली पाहिजे. साडेपंधरा आली तर कुठेतरी एक बहीण राहिली आहे.

रानवाट
एकजण वीस वर्षं बेपत्ता आहे म्हणतात. त्याचं काय? पेपरात जाहीर नोटीस दिली आणि कोणी आलं नाही तर विषय संपला ना?

सूचीदोन
नाही संपत. नोटिशीला कोणी हरकत घेतली नाही म्हणून कोणाचा हक्क बुडत नाही. तुम्ही प्रामाणिकपणे चौकशी केली एवढाच तिचा उपयोग. सात वर्षं काही खबर नसलेल्या माणसाला मृत मानण्यासाठी त्याच्या घरच्यांनीच न्यायालयातून तसं ठरवून घ्यायचं, मग त्याचे वारस सह्या करतील. वारस ठरवायला मुंबई विनियम 8, 1827 खालचा वारस दाखला घ्या. "सक्सेशन सर्टिफिकेट" स्थावराला चालत नाही, ते येणी आणि रोख्यांसाठी असतं. अज्ञान (18 वर्षांखालचा) वारस असेल तर त्याच्या हिश्श्यासाठी न्यायालयाच्या परवानगीचं आधी विचारा. ज्यांना विक्रीत पडायचं नाही आणि पैसेही नकोत, ते भावाच्या नावे हक्कसोड करू शकतात. तुमच्या नावे हक्कसोड होत नाही, तुम्ही सहहिस्सेदार नाही. परदेशातला वारस विक्रेता असेल तर करकपातीला 50 लाखांची मर्यादा लागत नाही, त्याच्या पैशातून कर कापूनच द्यावा लागतो.

जांभाचिरा
आणि घर? पाऊस थांबणार नाही.

आणेवारी
यासाठी तोच भेटलेला माणूस उपयोगी आहे. सहहिस्सेदाराला सामाईक घराची दुरुस्ती करता येते. त्याने स्वतः मागच्या बाजूला ताडपत्री टाकावी, मजुरी तुम्ही धनादेशाने द्या, आणि "दुरुस्तीसाठी उसने, ताब्याशी संबंध नाही" असं साध्या कागदावर दोघांच्या सहीने लिहा. बयाण्याच्या पन्नास हजारांऐवजी हे पाच-सात हजार गेले तरी चालतील.

रानवाट
ताडपत्रीचं तो तयार झाला. तलाठ्याकडून नऊ फेरफारांच्या नकला आल्या. पहिल्याच, 1961 च्या फेरफारात तीन बहिणी इतर हक्कात आहेत, त्यांची नावं अकरांत नाहीत. बेरीज साडेबारा आणे येते. त्यातल्या एकीचं सासर राजापूरला आहे, एवढंच कळलं.

आणेवारी
राजापूरच्या त्या गावातली घरपट्टीची यादी आणि मंडळाची वही, दोन्ही बघा. तिची मुलं सापडली की उरलेल्या दोघींचे पत्ते त्यांच्याकडेच मिळतील, मावशीचं घर मुलांना माहीत असतं.