चावलंय, इंजेक्शन घ्यावं की नाही? लवकर सांगा

लाटांचा_नादखुळा:
नमस्कार मंडळी. परवा सकाळी पाण्यात असताना पोटरीला चावला. फार काही नाही पण जरा सुजलंय. इथल्या एका क्लिनिकमध्ये गेलो तर टिटॅनस टोचलं आणि जा म्हणाले. आमचा कोच म्हणतो पूर्ण कोर्स घे, रूममेट म्हणतो उगाच खर्च, आणि नेटवर वाचायला बसलो तर डोकंच फिरलं. शुक्रवारी रात्री फ्लाइट आहे, त्याआधी ऑफिसचं हँडओव्हर, मला अजिबात वेळ नाहीये. घ्यावं का नाही एवढंच सांगा. फालतू सल्ले नकोत प्लीज.

कोकणचो_झील:
अहो पण चावलं काय? पाण्यात म्हणजे नदीत की विहिरीत की समुद्रात? नदीत दिवड चावते, ती बिनविषारी, काही होत नाही, आमच्याकडे पोरं हातात धरून फिरतात. समुद्रातला साप असेल तर मात्र इथे टाइप करत बसू नका.

डॉक्टरकाका_निवृत्त:
प्राणी कोणता, रक्त आलं का, जखम धुतली का, आधी कधी रेबीजची लस घेतलीय का. ही चार उत्तरं द्या, मग बोलू.

सुगरण_मावशी:
कुत्रं चावलं असेल तर लगेच चुना आणि लाल तिखट भरायचं जखमेत. माझ्या सासऱ्यांना गावाला चावलं होतं, तेवढ्यावरच बरे झाले, नव्वद वर्षं जगले.

डॉक्टरकाका_निवृत्त:
मावशी, हात जोडतो, हे असलं लिहू नका. सासऱ्यांना चावलेलं कुत्रं पिसाळलेलं नव्हतं, म्हणून ते जगले, तिखटामुळे नाही. तिखट, चुना, हळद, कॉफी पावडर, काहीही जखमेत घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. त्यानेच निम्मं काम होतं.

लाटांचा_नादखुळा:
अहो कुत्रं कुठून आलं मध्येच? सील चावला, सील. सर्फिंग करत होतो म्हणजे दुसरं काय चावणार?

कोकणचो_झील:
सर्फिंग हा शब्द आत्ता पहिल्यांदा आला भाऊ, वर बघा. आणि भारताच्या किनाऱ्यावर सील नसतात. मालवणात पाणमांजर असेल ते.

लाटांचा_नादखुळा:
भारतात कोण आहे? केपटाऊनला आहे मी, सहा महिन्यांच्या प्रोजेक्टवर. म्यूझनबर्गला दर शनिवारी सर्फिंग शिकायला जातो. कमरेएवढ्या पाण्यात बोर्ड धरून उभा होतो, लाटेची वाट बघत, बाजूने काळं डोकं वर आलं, मला वाटलं खेळतोय, तिथे सील नेहमीच दिसतात, लोक फोटो काढतात, मीपण हात पुढे केला, तर सरळ आला आणि पोटरीला धरलं. वेटसूटवरून. मग दुसऱ्या एका मुलीच्या बोर्डावर गेला. वेटसूट भाड्याचा होता, त्याला भोक पडलं म्हणून डिपॉझिट कापलं ते वेगळंच.

सान्ताक्रूझवाला:
मी कॅलिफोर्नियात बारा वर्षं सर्फ करतोय, मी सांगतो. हे रेबीज वगैरे नाही, हे डोमोइक ॲसिड आहे. समुद्रात एक प्रकारचं शेवाळ वाढतं, त्याचं विष छोट्या माशांत साठतं, अँचोवी आणि सार्डिनमध्ये, ते मासे खाऊन सी-लायनच्या, म्हणजे सीलच्या भाऊबंदांच्या, मेंदूवर परिणाम होतो, झटके येतात, मान वर करून डोलत बसतात, आणि माणसांवर धावून येतात. २०२३ ला आणि परत २०२५ ला सदर्न कॅलिफोर्नियात हेच झालं. चावण्यातून ते विष आपल्याला लागत नाही. अँटिबायोटिक घ्या, बर्फ लावा, निवांत रहा.

गाजरहलवा_इन_यूके:
सील फार गोड असतात हो. आम्ही नॉरफोकला हॉर्सी बीचवर दर डिसेंबरला जातो, ग्रे सीलची पिल्लं बघायला. पांढरीशुभ्र! पिल्लू एकटं दिसलं तर त्याला पाण्यात ढकलू नये बरं का, आई साधारण तीन आठवडे दूध पाजते आणि मग निघून जाते. लांबून बघायचं. दुर्बीण नेलीत तर उत्तम.

लाटांचा_नादखुळा:
पिल्लाचा काय संबंध?

टेबलमाउंटनच्या_पायथ्याशी:
मी गेली नऊ वर्षं केपटाऊनला आहे, फिश हूकला, म्हणजे म्यूझनबर्गपासून जवळच. दादा, हे हसण्यावारी नेऊ नका. सान्ताक्रूझवाले म्हणतात ते कॅलिफोर्नियापुरतं खरं असेल, पण इथली गोष्ट वेगळी आहे. २०२४ च्या जूनमध्ये इथल्या केप फर सीलमध्ये रेबीज सापडला. एकदोन सील नाहीत, बऱ्याच ठिकाणी. त्याआधी जगात सीलला रेबीज झाल्याची एकच नोंद होती, १९८० ची, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरची. सापडल्यावर जुने साठवलेले मेंदूचे नमुने तपासले तर २०२२ सालच्या नमुन्यातही निघाला. म्हणजे आपण सगळे दोन वर्षं त्यांच्याबरोबर मजेत पोहत होतो.

विषाणू कोल्ह्यांमधल्या रेबीजशी जुळतो. नामिबियाच्या किनाऱ्यावर सीलच्या मोठ्या वसाहती आहेत, तिथे काळ्या पाठीचे कोल्हे पिल्लं खायला येतात, तिथून आला असावा असा अंदाज आहे. तुमचं वर्णन, शांत उभ्या माणसाला चावून लगेच दुसऱ्याकडे जाणं, हे इथे सगळे घाबरतात तसलंच आहे. साधा सील माणसाला चावायला येत नाही, तुम्ही काठावर त्याची वाट अडवली किंवा खाऊ घालायला गेलात तर गोष्ट निराळी.

सान्ताक्रूझवाला:
डोमोइक ॲसिडनेसुद्धा हेच वागणं होतं. दिसायला फरक कळत नाही.

टेबलमाउंटनच्या_पायथ्याशी:
तेच तर म्हणतेय. फरक कळत नाही म्हणून रेबीज धरूनच चालायचं ना. तुमचं चुकलं तर एक गोळी वाया जाते, इथे चुकलं तर माणूस जातो. आमच्या कुत्र्याचासुद्धा बूस्टर आम्ही त्या वर्षी लवकर करून घेतला.

पुणेरी_प्रश्न:
एक शंका. कुत्रा चावला तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायचं आणि तो जिवंत राहिला तर इंजेक्शनं थांबवायची असं असतं ना? तसं करता येणार नाही का?

डॉक्टरकाका_निवृत्त:
सीलवर दहा दिवस लक्ष ठेवणार कोण, तुम्ही जाणार आहात का पोहत? विनोद सोडा. तो नियम कुत्र्यामांजरांसाठी आहे, आणि तिथेही लस आधी सुरू करायची असते, वाट बघत बसायचं नसतं. रानटी प्राण्याला तो लागू नाही.

नादखुळा, मी विचारलेल्या चारपैकी तीन अजून बाकी आहेत. रक्त आलं का?

लाटांचा_नादखुळा:
थोडंसं. वेटसूट काढल्यावर दिसलं, दोन ठिकाणी टोचल्यासारखं. समुद्राच्या पाण्याने धुतलं होतं. मिठाचं पाणी चालतं ना? लस कधी घेतली नाही. घरी दगडाला घासलं असं सांगितलंय. पण उशीर झाला असेल तर आता घेऊन उपयोग काय?

डॉक्टरकाका_निवृत्त:
समुद्राचं पाणी म्हणजे धुणं नव्हे. आत्ता उठा, साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं पाय धरा, मग पुढचं वाचा.

कातडी फाटून रक्ताचा थेंब आला की ती तिसऱ्या श्रेणीची जखम. थोडंसं आणि जास्त असं काही नसतं. त्यात लस तर हवीच, शिवाय इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडी, ती थेट जखमेत आणि भोवती टोचतात. लसीने शरीर स्वतः तयारी करेपर्यंतचे दिवस ती सांभाळते. वजनावर डोस ठरतो. दोन दिवस झाले म्हणून उपयोग नाही असं अजिबात नाही, लक्षणं दिसायला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात आणि तोपर्यंतच आपल्याला संधी असते. लक्षणं दिसल्यावर मात्र हातात काही राहत नाही.

आणि टिटॅनस म्हणजे रेबीजची लस नव्हे. तिथे सील चावला असं नीट सांगितलं होतंत का?

लाटांचा_नादखुळा:
समुद्रात काहीतरी चावलं असं सांगितलं. त्यांनी विचारलं नाही.

कोकणचो_झील:
आमका पण तसाच सांगितलंस रे बाबा.

अण्णा_कोल्हापूर:
पोटात चौदा इंजेक्शनं असतात. माझ्या भावाला दिली होती १९८५ ला, रोज सायकलवरून घेऊन जायचो. सुई बघूनच पोरगं बेशुद्ध.

डॉक्टरकाका_निवृत्त:
अण्णा, ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, भारतात ती बंद होऊन वीस वर्षं झाली. आता दंडात देतात. चार डोस, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी. पहिला दिवस शून्य धरायचा.

पुणेरी_प्रश्न:
माझ्या मुलीला पाच दिले. अठ्ठाविसाव्या दिवशीपण होता. तुम्ही चार कसे म्हणता? लोकांची दिशाभूल करू नका.

डॉक्टरकाका_निवृत्त:
आपल्याकडे स्नायूत देतात तेव्हा पाच देतात, कातडीत देतात तेव्हा वेगळं वेळापत्रक, शून्य, तीन, सात, अठ्ठावीस. केपटाऊनला चारचं चालतं. सगळी वेळापत्रकं मान्यताप्राप्त आहेत. भांडू नका, ज्या पद्धतीने सुरू केलं शक्यतो त्याच पद्धतीने पूर्ण करायचं. नादखुळा, तिथे दिलेलं कार्ड जपून आणा.

टेबलमाउंटनच्या_पायथ्याशी:
आणि एक. प्रत्येक क्लिनिकमध्ये इम्युनोग्लोब्युलिन ठेवलेलं नसतं, त्यामुळे आधी फोन करून विचारा, नसेल तर सरळ मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा. वाक्याची सुरुवातच 'सील चावला' अशी करा. बोट किंवा जखम सुजून खूप दुखायला लागली तर तेही सांगा, सीलच्या तोंडातल्या जंतूंचा एक वेगळाच संसर्ग असतो, सील फिंगर म्हणतात, त्याला पेनिसिलिन चालत नाही, डॉक्सिसायक्लिन लागतं.

खवचट_खान्देशी:
तिथे पांढरे शार्क असतात म्हणतात, आणि तुम्हाला चावला सील? नशीब बघा.

टेबलमाउंटनच्या_पायथ्याशी:
म्यूझनबर्गला डोंगरावर दुर्बीण घेऊन माणसं बसलेली असतात शार्क बघायला, २००४ पासून. हिरवा झेंडा म्हणजे ठीक, काळा म्हणजे पाण्यात नीट दिसत नाहीये, लाल म्हणजे नुकताच दिसला होता, पांढऱ्यावर शार्कचं चित्र आणि भोंगा म्हणजे बाहेर या. हल्ली पांढरे शार्क फारसे दिसतच नाहीत म्हणा. सील आयलंडला आधी पाण्यातून उडी मारून सील पकडायचे ते. कोणी म्हणतं ओर्कांनी, म्हणजे किलर व्हेलनी पळवले, कोणी म्हणतं मासेमारीने, त्यावरून इथे वाद चालू असतात. सीलसाठी मात्र कुठलाच झेंडा नाही.

गाजरहलवा_इन_यूके:
सीलला मराठीत काय म्हणतात? सील मासा म्हटलं तर चालेल का? मुलीच्या मराठी शाळेत निबंध आहे.

कोकणचो_झील:
मासा नाय तो. सस्तन प्राणी. सीलच म्हणा.

लाटांचा_नादखुळा:
अपडेट. मंगळवारी सकाळी गेलो, सील चावला म्हणताच नर्सने फाइलच बदलली. जखमेत टोचलं तेव्हा जीव गेला, दंडातलं काहीच वाटलं नाही. तिसऱ्या दिवसाचं शुक्रवारी फ्लाइटच्या आधी झालं. सातव्या दिवसाचं पुण्यात घेतलं. तिथल्या फॉर्मवर कुत्रा, मांजर, माकड, इतर असे पर्याय होते, मी इतरमध्ये सील लिहिलं, तर कंपाउंडर म्हणाला, साहेब सही आणि सील आम्ही मारतो, तुम्ही फक्त प्राणी लिहा. चौदाव्या दिवसाचं बाकी आहे. घरी कळलंय. त्याबद्दल काही विचारू नका.

मिंटी_ची_मम्मी:
घाईत आहे, धागा वाचला नाही. भाच्याला बोचकारलंय, इंजेक्शन घ्यावं का?

डॉक्टरकाका_निवृत्त:
कोणी, कधी, कुठे, रक्त आलं का?