कारखान्यात शॉकचं मशीन सक्तीचं करावं का? (वडोदरा)

मकरपुरा_दुसरीपाळी:
गेल्या महिन्यात आमच्याकडे दुसऱ्या पाळीत एक लेथवाला उभ्याउभ्या कोसळला, पन्नाशीही नव्हती. कोणी पाणी पाजतंय, कोणी कांदा हुंगवतंय, मधेच त्याने घशातून मोठे श्वास ओढले म्हणून आम्ही म्हटलं श्वास चालू आहे, थांबा जरा. हृदय थांबल्यावर असे आचके येतात, तो खरा श्वास नसतो, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं. १०८ येईपर्यंत कोणीच छाती दाबली नाही, मीपण नाही. तो गेला. भिंतीवर आग विझवायचा सिलिंडर चालतो तर एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं मशीन, का नको? सक्तीच करा.

रावपुरा_वर्कशॉप:
वाचून फार वाईट वाटलं. पण सक्तीला माझा विरोध आहे. माझी १२ माणसं, मशीन लाखाच्या घरात जातं, वर बॅटरी आणि पॅडना एक्सपायरी. १९४८च्या फॅक्टरी ॲक्टात दर १५० कामगारांमागे एक फर्स्ट एडची पेटी लिहिली होती, मी आधी होतो त्या कंपनीत ती उघडली तर आत वाळलेली आयोडीनची बाटली. मशीनचंही हेच होणार. त्यापेक्षा माणसं शिकवा, हातांना पैसे पडत नाहीत.

आयसीयू_ताई:
भाऊ, शिकवायलाच हवं, पण नुसत्या हातांनी अर्धंच काम होतं. छाती दाबली की मेंदूला थोडं रक्त जात राहतं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटीमीटर खोल. पण हृदय नुसतं थरथरत असेल तर शॉकशिवाय ते सहसा ठिकाणावर येत नाही, आणि काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. मशीन बोलून सांगतं काय करायचं, गरज नसेल तर शॉक देतच नाही.

रावपुरा_वर्कशॉप:
आणि बरगडी मोडली तर? घरचे माझ्यावरच केस करतील.

आयसीयू_ताई:
मोडते कधीकधी, जुळतेही. हाक मारून उठत नाही, नीट श्वास नाही, म्हणजे माणूस हातातून चाललाय, तेव्हा बरगडीचा विचार करायचा नसतो.

रावपुरा_वर्कशॉप:
बरं, मग आमच्या गल्लीतल्या पाच-सहा युनिटनी मिळून एक घेऊ, त्याला मी पैसे देतो. सक्ती मात्र नको.

मकरपुरा_दुसरीपाळी:
चालेल, पण ऑफिसात कुलपात नको, रात्री किल्ली शेठकडे असते. वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा आणि पहिलं ट्रेनिंग वॉचमनलाच द्या. ताई, दुसऱ्या पाळीवाले रात्री बारानंतर घरी पोचतात, त्यांना दुपारी तीनच्या आधी अर्धा तास बोलावलं तर तुम्ही शिकवायला याल का?