मदत हवी आहे: 'विचर'ची पुस्तकं कोणत्या क्रमाने वाचू?

मंडळी, 'द विचर ३' हा व्हिडिओ गेम परवा रात्री संपवला आणि त्यातला राक्षसांची शिकार करणारा गेराल्ट आणि त्याची मानसकन्या सिरी डोक्यातून जाईनात. आता आंद्रेय सापकोव्स्कींची मूळ पुस्तकं वाचायचीच आहेत. गेमची गोष्ट कादंबऱ्यांनंतर घडते, म्हणजे गेराल्टची प्रेयसी येनेफर आणि सिरीचं आधीचं सगळं तिथेच सापडणार. पण 'स्वोर्ड ऑफ डेस्टिनी' १९९२चं, 'द लास्ट विश' १९९३चं, दोन्ही कथासंग्रह. आधी कोणतं घेऊ? कथा सोडून थेट 'ब्लड ऑफ एल्व्ह्ज' ही पहिली कादंबरी उघडली तर सिरी गेराल्टला कशी भेटली तेच हुकेल ना? पोलिश येत नाही, इंग्रजीतूनच वाचणार. ज्यांनी वाचलंय त्यांनी कृपया क्रम सांगा. आणि तुमच्या उशाशी सध्या कोणतं पुस्तक आहे? गेमशी संबंध नसला तरी सांगा.